खिळ्यावरची चावी

तिला मी इथं जयवंती म्हणणार आहे. तिचं खरं नाव वेगळं आहे, आणि गावाचं नावही मी सांगणार नाही. नवापूरपासून दातिवऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची जी गावं आहेत त्यांतलं एक, एवढं पुरे. आमच्या सांगलीकडे माणसाची ओळख करून देताना आधी गाव सांगतात, मग आडनाव, मग ते आपल्यापैकी कुणाचे कोण लागतात ते. मला यातलं काहीच करता येत नसल्यामुळे लिहायला बसतानाच माझी चिडचिड झाली आहे.

बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत नोकरी केली. सकाळी आठला स्टेशनजवळून एमआयडीसीत जायला शेअर रिक्षा पकडायची, हा वर्षानुवर्षांचा क्रम. एके दिवशी रांगेत अबोली रंगाची रिक्षा येऊन उभी राहिली. बायकांना म्हणून जे परवाने दिले, त्यांतली. ती बाईनंच चालवायची, पुरुषानं हात लावायचा नाही, अशी परवान्यातच अट. चालवणारी पंचेचाळिशीची, रुंद हाडाची, साडीवर खाकी शर्ट घातलेली. मागे आम्ही तिघं बसलो. मी, एक सडपातळ कामगार आणि कडेची हवेशीर जागा पकडून बसलेले आमच्याच कारखान्यातले वजनदार सुपरवायझर. रिक्षा काही सुरू होईना.

"भाऊ, तुमी मदी या," ती आरशात बघत म्हणाली.

"का? इथं काय झालं?"

"जड मदी, हलकं कडेला. होडी असो का रिक्षा, पानी तेच."

सुपरवायझर लालबुंद होऊन मध्ये सरकले. कामगार बाहेर बघत हसू दाबत होता. मग तिनं मागे वळून बोट दाखवत एक, दोन, तीन असं मोजलं आणि रिक्षा काढली. आम्ही उतरल्यावरही आमच्याकडे वळून पुन्हा एक, दोन, तीन. मला वाटलं बाई जरा सर्किट आहे. नंतर कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "दर्यावर जाताना जेवडी मोजली तेवडीच परत मोजायची. बापाची सवय. ती काय सुटत नाय."

दर्या तिच्या बोलण्यात सगळीकडे होता. रात्रपाळी सुटून रस्त्यावर कामगारांची आणि टँकरची गर्दी झाली की ती बाजूला थांबायची. "भरती हाय, मॅडम. पाच मिनटं बसा, उतरंल." मी घड्याळ दाखवलं की म्हणायची, "रस्ता काय पळून जात नाय." हॉर्न ती सहसा वाजवायची नाही. माणसाच्या पाठीमागून असं ओरडू नये, असं तिचं मत. बाजूनं डोकं बाहेर काढून "ओ दादा, जरा कडेनं" असं हाक मारून सांगायची, आणि लोक मुकाट बाजूला व्हायचे. मी हॉर्न वाजवणाऱ्यांच्या रिक्षात बसून रोज दहा मिनिटं आधी पोचू शकले असते. तरी तिच्याच रिक्षासाठी थांबायचे.

कागदांची तिला भीती होती. कागद ओला झाला की संपला, हे तिनं होडीवर शिकलेलं. त्यामुळे परवाना, विमा, फिटनेस, बॅज, सगळं लोणच्याच्या एका जुन्या बरणीत, वर घट्ट झाकण. बरणी कितीही धुतली तरी लोणच्याचा वास काही जाईना. एकदा तपासणीला थांबवलं तेव्हा मी मागेच बसले होते. साहेबांनी परवाना उघडला, हुंगला आणि विचारलं, "कैरीचं का?" ती म्हणाली, "करवंदाचं." त्यांनी हसून जाऊ दिलं. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

माझं म्हणाल तर माझा सगळा जन्म कुलपात गेला. प्रयोगशाळेत विषारी रसायनांचं कपाट असतं. त्याची किल्ली कुणी घेतली, किती वाजता घेतली, कशाला घेतली, सगळं वहीत लिहून खाली सही करायची. त्या वहीवरून मी लोकांना फैलावर घेतलेलं आहे, रडवलेलंही आहे. हे सांगायचं कारण पुढे येईल.

एका शिमग्याला तिनं मला घरी बोलावलं. बसकं घर, पुढे ओटा, ओट्याच्या भिंतीला टेकवून उभं केलेलं लांब वल्हं. वल्ह्याच्या शेजारी एक मोठा खिळा आणि खिळ्यावर रिक्षाची चावी. चावीला जाळ्याचा लाकडी बोया बांधलेला, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. अंगणात रिक्षा उभी. मी आत जायच्या आधीच विचारलं, "ताई, चावी अशी बाहेर?"

"मग कुठं ठेवू?"

"आत. कुलपात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग वल्ह्यावर हात ठेवून म्हणाली, "सासऱ्याच्या टायमाला इते समोर एक जन बुडत होता. लोकं वल्हं घ्यायला धावली, तर दाराला कुलूप. तवापासून या आळीत वल्हं कोन घरात ठेवत नाय. ज्याला लागंल त्यानं न्यायचं, काम झालं का आनून ठेवायचं. इचारायचं पन नाय."

"ते वल्ह्याचं झालं."

"गावात दुसरी गाडी कुठं हाय, मॅडम? गाडी पन वल्हंच की."

समोरच्या ओट्यावर जाळं विणत बसलेला माणूस मोठ्यानं हसला. तो हरेश्वर. वय साठीच्या आसपास, एके काळी बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, मग काही वर्षं मासळीचा टेम्पो चालवलेला. जन्मभर वाऱ्यावर ओरडून बोलल्यामुळे साधं बोलतानाही त्याचा आवाज चार घरं ऐकू जायचा. "हिला शिकवू नका मॅडम," तो तिथूनच म्हणाला, "ही आमालाच शिकवते."

आता झालं असं. आळीतल्या एका बाईला दुपारी कळा सुरू झाल्या. जयवंती आत झोपली होती, पहाटे चारपासून रिक्षा चालवून आलेली. तिला कुणी उठवलंही नाही, उठवायची पद्धतच नव्हती. हरेश्वरनं खिळ्यावरची चावी घेतली आणि बाईला बोईसरला दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली. परत येताना नाक्यावर तपासणी पथकानं अबोली रिक्षा आणि आत मिश्यावाला हरेश्वर असं बघून थांबवलं. त्याच्याकडे लायसन्स होतं, बॅज होता. काहीतरी थाप मारून सुटला असता. त्यानं सरळ सांगितलं, "जयवंतीची हाय. खिळ्यावरून घेतली." आधी दोनदा असंच झालेलं होतं आणि दोन्ही वेळा दंड भरून सुटका झाली होती. ही तिसरी वेळ. परवाना रद्द का करू नये याची कारणं दाखवा, अशी नोटीस आली.

तिनं कारणं दाखवली. मला सांगितलं नाही, वकिलाला विचारलं नाही. शाळेत मराठीत तिला चांगले मार्क असायचे म्हणे. निळ्या बॉलपेननं, दोन्ही बाजूंनी भरून, शुद्ध भाषेत उत्तर लिहिलं. त्याची प्रत मी नंतर वाचली. 'माझी चावी खिळ्यावर असते. ती मी आजवर कोणाला नाकारलेली नाही,' अशी सुरुवात. मग यादी. माडावरून पडलेला म्हातारा कुणी नेला, साप चावलेल्या मुलाला कुणी नेलं, यंत्रात हात सापडलेल्या खलाशाला कुणी नेलं. प्रत्येकासमोर रिक्षा चालवणाऱ्याचं नाव, आणि प्रत्येक नाव पुरुषाचं. खाली त्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. शेवटी, 'तरी वरील इसमांकडे चौकशी करून खात्री करावी, ही विनंती.'

तिला वाटलं, एवढं चांगलं काम वाचून साहेब खूश होतील. आदेशात एकच ओळ कामाची होती. परवानाधारकानं अटीचा वारंवार भंग केल्याचं स्वतःच लेखी कबूल केलं आहे, सबब परवाना रद्द.

मी तिच्यावर भडकले. "ताई, लिहिण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतं."

"इचारलं ना. सगळ्या गावाला इचारलं."

तिचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, मुलगी नर्सिंगला, आणि घर चालत होतं ते रिक्षावर.

पालघरच्या राऊत वकिलांकडे मीच तिला घेऊन गेले. हरेश्वरही आला. वकिलांनी उत्तराची प्रत दोनदा वाचली. "बाई, एवढा पुरावा सरकारलाही गोळा करता आला नसता," म्हणाले. मग त्यांनी एक वाट सुचवली. अपिलात म्हणायचं की बाकीची यादी अजाणता लिहिली, आणि त्या दिवशी या गृहस्थांनी चावी न विचारता चोरून नेली. त्यांच्याविरुद्ध तशी तक्रार द्यायची. म्हणजे भंग बाईंनी केलाच नाही.

"लिवा," हरेश्वर लगेच म्हणाला. बाहेर बसलेले अशीलसुद्धा वळून बघायला लागले. "हरेश्वरनं चोरली. कुठं सही करू?"

जयवंतीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. वकिलांना म्हणाली, "साहेब, ती पोर आता दीड महिन्याची हाय. मोठी झाल्यावर तिला सांगायचं का, तुजी आय चोरीच्या गाडीतून दवाखान्यात गेली?"

वकील पाणी प्यायले. मग साधं, खरं अपील तयार केलं. भंग झाला हे मान्य, पण तो अडल्यानडल्यासाठी झाला, भाडं मारायला नाही. उपजीविकेचं दुसरं साधन नाही. परवाना रद्द करणं ही शिक्षा चुकीपेक्षा फार मोठी. सोबत रोजच्या प्रवाशांची प्रतिज्ञापत्रं जोडायची, की रिक्षा एरवी बाई स्वतःच चालवतात. एक प्रतिज्ञापत्र माझं.

अपिलाचा निकाल लागेपर्यंत आदेशाला स्थगिती मिळाली नाही. रिक्षा अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून ती रोज सकाळी इंजिन चालू करायची, थोडा वेळ बसायची आणि बंद करून चावी पुन्हा खिळ्यावर. मग टोपली घेऊन बसनं बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायला. खाकी शर्टाशिवाय ती मला लहान वाटायची. एकदा मी कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर बाजारातून जात असताना तिनं मला बघितलं आणि मी तिला बघितलंच नाही असं केलं. का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वासाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मला तिची कीव करायचा कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी निवडक बोंबील बांधून ठेवले होते.

सुनावणी मुंबईला होती. मी रजा टाकून गेले. समोर बसलेले साहेब शांत होते. त्यांनी तिचं ते उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अंगठ्यांपाशी थोडे थांबले. मग म्हणाले, "अपील मंजूर करायला मला हरकत वाटत नाही. पण अट पुन्हा मोडू नये म्हणून काय केलंय?"

"साहेब, चावी आता घरात कुलपात असते," राऊत वकील म्हणाले.

"नाय साहेब," जयवंती मागून म्हणाली. "आज पन बाहेरच हाय."

वकील खाली बसले. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. रागावले नव्हते. म्हणाले, "मग लिहून द्या. चावी तुमच्याजवळच राहील, दुसऱ्या कुणालाही देणार नाही. एवढं हमीपत्र असल्याशिवाय मला परवाना परत देता येणार नाही."

"कुनालाच नाय?"

"कुणालाच नाही."

"जरा इचार करू का?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ दिली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. हरेश्वरनं डबा उघडला, पण खाल्लं कुणीच नाही. "सही कर," तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज मी हळू ऐकला. "आमी फोन करू कोना टेम्पोवाल्याला. पयले काय गाड्या होत्या गावात? तरी जगलोच ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी काय बोलता?"

मी प्रयोगशाळेतली बाई. मला हे सगळं इतकं सोपं वाटत होतं. मी म्हटलं, "चावीच तर आत ठेवायचीय, ताई. घर थोडंच बदलायचंय?"

"एकदा लिवून दिलं का पाळायला लागंल."

"मग पाळायचं."

तिनं सही केली. नाव पूर्ण लिहिलं, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. ओळख पटवणारी म्हणून खाली मी सही केली. परतीच्या गाडीतून स्टेशनवर उतरल्यावर तिनं वळून आम्हाला मोजलं.

परवाना परत मिळाला. आठ वाजता अबोली रिक्षा पुन्हा रांगेत दिसायला लागली. कारखान्यातल्या बायकांनी तिला पेढे दिले आणि सुपरवायझर तर न सांगता मध्ये बसले. चावीसाठी तिनं कापडी पिशवी शिवून कमरेला बांधली होती. बोया पिशवीत मावेना म्हणून काढून ठेवला. मला फार बरं वाटत होतं. माझ्या हातून एक चांगलं काम झालं असं मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. दोन दिवस रिक्षा आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. इतर प्रवासी उतरल्यावर तिनं रिक्षा कारखान्याच्या फाटकापलीकडे नेऊन थांबवली आणि समोर बघतच मला सांगितलं. ती माहेरी दातिवऱ्याला कुणाच्या तरी तेराव्याला बसनं गेली होती. रिक्षा अंगणात, चावी कमरेला. दुपारी जाळं विणता विणता हरेश्वर एका अंगावर कलला. त्याची बायको नंदा धावत समोर आली आणि सवयीनं भिंतीवर हात मारला. खिळा रिकामा. आळीत रिक्षा चालवू शकणारे चार जण होते. चौघंही त्या बंद रिक्षाभोवती उभे राहिले. तिच्या फोनला रेंज नव्हती. वाणगावहून येणारा एक टेम्पो मिळेपर्यंत बराच वेळ गेला.

"हाय," ती म्हणाली. "जीव हाय. उजवी बाजू गेली. वाचा गेली."

त्याची वाचा. चार घरं ऐकू जाणारी. मी म्हटलं, आधी नेलं असतं तरी तेच झालं असतं कदाचित. डॉक्टर काय सांगतात?

"डॉक्टर बोलला, उशीर झाला."

"गावात कुणी काही बोललं?"

"कोन काय बोललं नाय. नंदा एवडंच बोलली, मी खिळा चाचपला. दोनदा बोलली." मग म्हणाली, "मी पन काय चूक नाय केली ना, मॅडम? लिवून दिलं होतं."

तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. दोष तर कुणाचाच काढता येत नव्हता. साहेब भले होते, अट बायकांच्या भल्याची होती, वकिलांनी काम चोख केलं होतं, आणि मी जे बोलले ते कुठल्याही शहाण्या माणसानं बोललं असतं. तरी कपाटाच्या वहीत सही करताना कितीदा तरी माझा हात थांबला. 'घर थोडंच बदलायचंय' हे वाक्य माझ्या आवाजात मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा ती हरेश्वरला व्यायामासाठी बोईसरला न्यायची-आणायची. त्याला पाठीमागे मधोमध बसवायची, दोन्हीकडे उशा. बाकी रिक्षा चालवणं पूर्वीसारखंच. फक्त "रस्ता काय पळून जात नाय" हे तिनं पुन्हा कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

नोकरी संपवून सांगलीला परतायच्या आदल्या दिवशी मी तिचा निरोप घ्यायला गेले. ती घरी नव्हती. मी ओट्यावर बसले. वल्हं जागेवर होतं, खिळाही होता. थोड्या वेळानं रिक्षा आली. तिनं आधी समोर नेऊन हरेश्वरला नंदाच्या मदतीनं उतरवलं, त्याच्या ओट्यावर खुर्चीत नीट बसवलं, मग रिक्षा अंगणात लावून माझ्याकडे आली. "कदी आलात?" असं काहीतरी विचारत असतानाच तिचा हात सवयीनं भिंतीकडे गेला आणि खिळ्यापाशी थांबला. असा तो रोज जात असणार आणि रोज माघारी येत असणार. तिनं हात खाली घेतला आणि कमरेच्या पिशवीची गाठ सोडली. पिशवी बाजूला ठेवली. आत जाऊन तो लाकडी बोया घेऊन आली, चावीला बांधला आणि चावी खिळ्यावर अडकवली. बोया भिंतीवर एकदा आपटला.

मग माझ्याकडे वळली. त्या हमीपत्राखाली ओळख पटवायला माझीच सही होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"तुमी काय पाह्यलं नाय, मॅडम."

"नाही," मी म्हटलं.

समोरच्या ओट्यावरून हरेश्वर आमच्याकडेच बघत होता. त्यानं खिळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग मोठ्या कष्टानं, डाव्या हातानं खुर्चीचा आधार घेत, मान हळूहळू दर्याच्या बाजूला फिरवली. त्यानंही काही पाहिलं नव्हतं.